कठड्याच्या अलीकडे

मी कविता लिहिणारा माणूस. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो आणि गणिताशी, विज्ञानाशी असलेलं नातं शाळेच्या फाटकापाशीच सोडून आलो. अशा माणसानं पाठीला पॅराशूट बांधून पुलावरून उड्या टाकणाऱ्यांविषयी बोलावं, हे जरा विचित्रच. पण हा विषय मी निवडला नाही. तो आपणहून माझ्या घरात शिरला.

२०२२ सालच्या मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचा मिरजेहून फोन आला. तिचा मुलगा अमेरिकेत, आयडाहो राज्यात बॉयसी या गावी इंजिनिअर आहे. मी जूनमध्ये त्याच्याकडे जाणारच होतो. बहीण रागावली की मराठी सोडून दखनीत शिरते. म्हणाली, "भाई, वो पुल पर से कूदता है. तुम जाके उसको समझाव." मला आधी वाटलं, पाण्यात उडी मारत असेल. सांगली-मिरजेकडच्या माणसाला पुलावरून उडी म्हटलं की तेच आठवणार. मी म्हणालो, पोहता येतं ना त्याला, मग? ती म्हणाली, पाण्यात नाही, हवेत.

या खेळाला बेस जंपिंग म्हणतात. बिल्डिंग, अँटेना, स्पॅन आणि अर्थ या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं घेऊन हे नाव केलेलं आहे. इमारत, मनोरा, पूल आणि कडा. विमान नाही, हे महत्त्वाचं. कार्ल बोनिश नावाच्या अमेरिकन चित्रपटकारानं १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटन या कड्यावरून पॅराशूटनं उतरणाऱ्यांचं चित्रण केलं, तेव्हापासून या प्रकाराला खेळाचं रूप आलं. हे नावही त्याचं आणि त्याच्या सोबत्यांचं. हाच बोनिश १९८४ मध्ये नॉर्वेतल्या एका कड्यावर, पत्नीसह जागतिक विक्रम केल्यानंतर लगेचच, दुसऱ्या उडीत गेला.

आपल्याकडे पॅराशूट म्हटलं की शीतल महाजन यांचं नाव येतं. २०१८ मध्ये त्यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी घेतली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनी ती बातमी कापून ठेवली होती. पण ती विमानातली उडी. विमानातून उडी घेणारा हजारो फूट पडतो, त्याच्या पाठीवर दोन पॅराशूट असतात आणि पहिलं दगा देऊ लागलं तर दुसऱ्याचा विचार करायला त्याच्यापाशी वेळ असतो. पुलावरून उडी घेणाऱ्याच्या पाठीवर एकच पॅराशूट. दुसरं का नाही, असं मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मामू, दुसरं उघडायला वेळच नसतो. मग ओझं कशाला वाहायचं?"

हे वाक्य त्यानं अगदी सहज, चहात बिस्कीट बुडवताना म्हटलं होतं.

बॉयसीहून मोटारीनं दोन तास गेलं की ट्विन फॉल्स हे गाव लागतं. वाटेत सगळा सपाट मुलूख, बटाट्याची शेतं, आणि मग अचानक जमीन फाटल्यासारखी दरी. खाली स्नेक नदी. दरीच्या भिंती काळ्या कातळाच्या, थेट आपल्या सह्याद्रीच्या. लाव्हाचा तोच काळा बेसाल्ट. परक्या मुलखात आपला दगड भेटला की बरं वाटतं, तसं मला क्षणभर वाटलं. या दरीवर पेरीन पूल आहे. आधीचा १९२७ चा, आताचा १९७६ चा. पाण्यापासून उंची ४८६ फूट. इथं वर्षातल्या कुठल्याही दिवशी परवान्याशिवाय पॅराशूट घेऊन उडी मारता येते. त्यामुळे जगभरचे लोक हा खेळ शिकायला इथंच येतात. पुलाच्या टोकाला हिरवळ आहे. तिथं ही मंडळी आपापली पॅराशूटं पसरून, चिमटे लावून, एखाद्या सासुरवाशिणीनं भरजरी शालू घडी करावा तशी निगुतीनं घडी करत बसलेली असतात. गप्पा नाहीत. घडी दुसऱ्या कुणी घालायची नाही, ज्याची त्यानं.

मी पुलावरच्या पायवाटेवर भाच्याबरोबर गेलो. मालमोटार गेली की सगळा पूल पायाखाली थरथरतो. कठड्याबाहेर एक बाई उभी होती. वय चाळीसच्या आसपास. एक हात मागं कठड्याला, दुसऱ्या हातात छोटी छत्री. या छोट्या छत्रीला पायलट शूट म्हणतात. उडी घेताना ती हवेत फेकायची, तिच्यात वारा भरतो आणि ती पाठीवरचं मोठं पॅराशूट खेचून बाहेर काढते. विमानातून पडणारा माणूस वेगात असतो, त्याला लहान छत्री पुरते. पुलावरून उडी घेणाऱ्याला वेग यायच्या आत ती भरावी लागते, म्हणून त्याची मोठी असते. विमानवाल्यांच्या पॅराशूटला उघडण्याचा झटका कमी करणारा कापडाचा एक तुकडा दोऱ्यांवर असतो. इतक्या कमी उंचीवर तोही काढतात किंवा खाली बांधून टाकतात. म्हणजे इथं सगळी रचना एकाच गोष्टीसाठी, लवकर उघडावं म्हणून. आणि तरी सगळं माणसाच्या पवित्र्यावर. उडी घेताना अंग गडगडलं, डोकं खाली गेलं, तर दोऱ्या हातापायात येतात.

ती बाई तिथं तीनेक मिनिटं उभी होती. कठड्याला कुणीतरी रिबीन बांधली होती, ती आडवी फडफडत होती. बाईनं रिबिनीकडं पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा रिबिनीकडं पाहिलं. आणि वळून कठडा चढून आत आली.

मला तिच्या वतीनं ओशाळल्यासारखं झालं, हे कबूल करतो. एवढ्या लांबून आली असेल, एवढा खर्च केला असेल, चार माणसं बघताहेत. पण तिथं कुणी हसलं नाही, कुणी "असू दे, पुढच्या वेळी" म्हणून पाठ थोपटली नाही. एकानं तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि वाऱ्याविषयी काहीतरी विचारलं. ती पट्टे सैल करत हिरवळीकडे चालत गेली. बस.

वीस-पंचवीस मिनिटांनी वारा पडला आणि माझा भाचा कठड्याबाहेर गेला. मी त्याला काही समजावायला आलो होतो, ते माझ्या लक्षात होतं. पण कठड्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाला काही समजावायचं नसतं, एवढी अक्कल मला होती. ती कुठून आली, ते पुढं सांगतो. त्यानं समोरच्या काळ्या भिंतीकडं नजर ठेवली, तीन आकडे मोजले आणि गेला.

मी गणित सोडलं असलं तरी त्या रात्री झोप न आल्यानं कागद घेऊन बसलो. ४८६ फूट म्हणजे साधारण १४८ मीटर. छत्री न उघडता पडलं तर पाण्यापर्यंत सहा सेकंद. गंमत अशी की हे सहा सेकंद सारखे नसतात. पहिल्या सेकंदात माणूस जेमतेम पाच मीटर पडतो, आपल्या विहिरीच्या काठावरून पाणी असतं तेवढंच. पहिली निम्मी उंची संपायला चार सेकंद लागतात. उरलेली निम्मी दोन सेकंदांत संपते. म्हणजे सुरुवातीला वाटतं, भरपूर वेळ आहे. आणि तसं वाटत असतानाच वेळ संपलेला असतो. विमानातून उडी घेणारे आपलं पॅराशूट ज्या उंचीवर उघडतात, ती उंचीच या पुलाच्या पाचपट असते.

त्याचं पॅराशूट दीड-दोन सेकंदांत फटकन उघडलं. आवाज वरपर्यंत आला. तो काठावरच्या छोट्या मोकळ्या जागेत उतरला आणि पॅराशूट गुंडाळून दरीची वाट चढू लागला. वर यायला त्याला चांगला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात मी त्या हिरवळीवर बसून त्याच्या सोबत्यांचं बोलणं ऐकलं. ही मंडळी उड्यांपेक्षा अपघातांविषयी जास्त बोलतात. तालमीत पैलवान जसे जुन्या कुस्त्यांविषयी बोलतात तसं. कुठं काय चुकलं, कुणाचा हात कुठं उशिरा गेला. घरी आल्यावर मी त्यातलं बरंचसं वाचून पडताळलं.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात न्यू रिव्हर गॉर्ज नावाचा पोलादी कमानीचा मोठा पूल आहे. १९७७ मध्ये खुला झाला, उंची ८७६ फूट. १९८० पासून तिथं ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी 'ब्रिज डे' भरतो. वाहनं बंद, पुलावर जत्रा, आणि पॅराशूटवाल्यांना उडी मारायची मुभा. या जत्रेत १९८३, १९८७ आणि २००६ अशा तीन वर्षी एकेक माणूस गेला. त्यातला १९८३ चा बुडून गेला. आपण उंचीला घाबरतो, आणि मारायला खाली नदी असते.

२००६ मध्ये गेला तो ब्रायन शुबर्ट. त्याची गोष्ट मला सोडत नाही. १९६६ मध्ये, म्हणजे या खेळाला नावही नव्हतं तेव्हा, शुबर्ट आणि त्याचा मित्र मायकेल पेल्की यांनी एल कॅपिटनवरून पॅराशूटनं उडी घेतली होती. दोघांचीही हाडं मोडली. पण या खेळातली मंडळी त्यांना पूर्वज मानतात. चाळीस वर्षांनी, वयाच्या ६६ व्या वर्षी, शुबर्ट ब्रिज डेला आला. जत्रा भरलेली, हजारो डोळे पुलाकडे. त्यानं उडी घेतली आणि पॅराशूट फार उशिरा उघडलं. उशीर का झाला, हे सांगायला तो राहिला नाही. मला शुबर्टची चूक काढायची नाही. पण विचार येतो की त्या दिवशी त्याला कठडा चढून परत आत येता आलं असतं का? नवख्या पोराला येता येतं. पूर्वजाला कसं येणार? त्याच्या नावाचा मान त्याच्या आधी कठड्याबाहेर जाऊन उभा असतो.

दुसरा ड्वेन वेस्टन, ऑस्ट्रेलियाचा. ऑक्टोबर २००३, कोलोरॅडोतला रॉयल गॉर्ज पूल. हा पूल १९२९ चा. आमच्या सांगलीच्या आयर्विन पुलाचा जुळा भाऊ म्हणा, तोही १९२९ चाच. वेस्टन आणि जेब कॉर्लिस हे दोघं पंखांचा पोशाख घालून विमानातून उतरले. ठरलं असं होतं की कॉर्लिसनं पुलाखालून जायचं आणि वेस्टननं पुलावरून. कॉर्लिस खालून गेला. वेस्टन पुलावर आदळला. तो त्या काळी या खेळातला नावाजलेला, अनुभवी माणूस होता. त्याला पूल दिसत नव्हता असं नाही. पूल त्याला दिसावा, लोकांना तो पुलाजवळ दिसावा, म्हणून तर हा बेत होता. पुलापासून पन्नास फूट वरून गेला असता तर तो जिवंत राहिला असता आणि बघणारे म्हणाले असते, ठीक आहे. त्या "ठीक आहे"ची भीती फार वाईट असते. आम्हा कवींनाही ती ठाऊक आहे, पण आमची कविता आपटली तर हाडं मोडत नाहीत.

परतीच्या वाटेवर मी भाच्याला आकडे विचारले. त्यानंच मला नॉर्वेतल्या एका पाहणीविषयी सांगितलं. केराग नावाच्या कड्यावरून १९९५ ते २००५ या काळात २०,८५० उड्या झाल्या, त्यांत ९ माणसं गेली. म्हणजे साधारण २,३०० उड्यांमागं एक. तो म्हणाला, "बघा मामू, फार नाही." मी म्हणालो, तू एकच उडी मारणार आहेस का? तो गप्प बसला. दोनशे उड्या मारल्या तर त्याच हिशेबानं बारा जणांतला एक जातो. बारा म्हणजे ईदला आमच्या दस्तरख्वानावर बसतात तेवढी माणसं. त्यानं वकिली केली की कडा वेगळा आणि पूल वेगळा. कड्यावर पॅराशूट उलट्या तोंडानं उघडलं तर माणूस मागच्या खडकावर जाऊन आपटतो, पुलामागं असं काही नसतं, चारी बाजूंनी हवा. हे त्याचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच नवशिक्यांना पुलावर आणतात आणि पहिल्या उड्यांना शिकवणारा स्वतः ती छोटी छत्री हातात धरून ठेवतो, म्हणजे मोठं पॅराशूट उडी घेतल्याबरोबर उघडतं. पण म्हणूनच पूल सोपा वाटतो. सोपा वाटतो तिथं माणूस परतत नाही.

मग मी त्याला ती गोष्ट सांगितली. बहिणीलाही ती ठाऊक नाही. आता हे भाषण ऐकून कळेल.

मी तेव्हा अकरावीत होतो, सांगलीत. पावसाळ्यात कृष्णा चढली की पोरं आयर्विन पुलावरून उड्या मारायची आणि खाली घाटाला जाऊन लागायची. अजूनही मारतात. त्या पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे आमच्याकडं लहान पोरालाही पाठ असतं. २०१९ मध्ये ती ५७ च्या वर गेली, तेव्हा अर्धं गाव पाण्यात होतं. आमच्यात एक मोठा मुलगा होता, त्याला आम्ही वस्ताद म्हणायचो. पट्टीचा पोहणारा. उडी मारायच्या आधी तो एक बिडी ओढायचा. बिडीचा शौक म्हणून नव्हे. बिडी संपेपर्यंत तो पुलाच्या कमानींतून वाहून काय येतंय ते बघायचा. ओंडके, बाभळीचे फेस, मेलेली जनावरं, खांबाशी फिरणारा भोवरा. कधी बिडी संपली की थोटूक पाण्यात टाकायचा आणि म्हणायचा, आज नाही. आणि कपडे घालून घरी जायचा.

एका रविवारी पुलावर बघ्यांची ही गर्दी. वस्ताद म्हणाला, आज नाही. माझा एक जिवलग मित्र कठड्यावर चढलेला होता, तो खाली उतरू लागला. आणि मला, तेव्हा नुकत्याच दोन कविता कुठंशा छापून आल्या होत्या, बोलण्याची फार हौस होती. मी मोठ्यानं म्हणालो, "वस्ताद म्हातारा झाला रे, आता त्याला आंघोळीला बादली द्या." सगळे हसले. लोक हसले की कवीला जे होतं ते मला झालं. मित्र उतरता उतरता थांबला. माझ्याकडं बघून हसला आणि मागं वळून त्यानं उडी टाकली.

पाण्याखालून ओंडका येत होता. वरून तो दिसत नव्हता, पण बिडीभर वेळ बघणाऱ्याला कळलं असतं, कारण त्याची एक फांदी मधूनमधून वर येत होती. मित्राचा खुबा गेला. वस्तादनंच उडी मारून त्याला काढलं. हो, त्याच पाण्यात. "आज नाही" म्हणालेल्या माणसानं.

मित्र आज मिरजेत घड्याळं दुरुस्त करतो. डावा पाय ओढत चालतो. मी जातो, तो चहा मागवतो, नव्या कवितेचं विचारतो. चाळीस वर्षांत त्यानं माझ्या त्या वाक्याचा एकदाही उल्लेख केलेला नाही. मीही नाही. कधी वाटतं तो विसरला असेल. पण मग तो घड्याळावरून डोळ्याची भिंगाची नळी काढून माझ्याकडं बघतो आणि मला तसं वाटेनासं होतं.

भाचा बराच वेळ गाडी चालवत राहिला. मग त्यानं एकच प्रश्न विचारला, "वस्ताद नाही म्हणून घरी जायचा, तेव्हा बाकीचे काय म्हणायचे?" मी म्हणालो, त्या दिवसाच्या आधी कुणी काही म्हणायचं नाही. तो म्हणाला, "आज त्या बाईलाही कुणी काही म्हणालं नाही. बघितलंत ना?"

मी बघितलं होतं.

बहिणीनं फोनवर विचारलं, समझाया क्या? मी म्हणालो, नाही जमलं. ती चिडली आणि दोन महिने माझ्याशी बोलली नाही. तिचं चिडणं योग्यच होतं. भाच्याला मी थांबवू शकलो नाही, आणि खरं सांगायचं तर थांबवण्याचा अधिकार आपल्याला आहे असं मला त्या पुलावर वाटलंही नाही. मी घरून तयार करून नेलेलं सगळं भाषण जुन्या वहीतल्या फसलेल्या कवितेसारखं निरुपयोगी ठरलं.

तो अजून उड्या मारतो. प्रत्येक उडीची नोंद एका वहीत ठेवायची त्यांची रीत आहे: तारीख, वारा, किती वेळानं छत्री टाकली, पॅराशूट कोणत्या दिशेला उघडलं. त्या सुट्टीनंतर त्यानं वहीच्या मागच्या पानांवर आणखी एक यादी सुरू केली. कठड्याबाहेर जाऊन किंवा पुलापर्यंत जाऊन परत आलेल्या दिवसांची. त्यातही तारीख आणि वारा. एखाद्या ओळीपुढं नुसतं "मन नव्हतं" एवढंच. पुलावर जाऊन आला की तो आईला संदेश पाठवतो आणि आमची बहीण, जिला त्या खेळातलं काडीचं कळत नाही, ती फक्त मागच्या पानांचा हिशेब ठेवते. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "भाई, आज चौदावी बार वापस आया." आवाजात असा आनंद, जणू पोराचा निकाल लागला.